बापूस पत्र : तो छोटा कॅमेरा घ्यावा का?

भुसावळ,
८ डिसेंबर २०२४

प्रिय बापू,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझा तो खिशातला कॅमेरा कसा होता रे भो? एका शब्दात सांग." मी गाडीच्या आवाजाचं निमित्त करून फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या कॅमेऱ्यावर आमच्याच घरात गेली चौदा वर्षं एकमत झालेलं नाही, तर एका शब्दात तुला काय सांगणार? म्हणून हा कागद.

तुझ्या नातीला नेमका तोच कॅमेरा जुन्या बाजारात दिसावा, ही गंमतच आहे. आपण अडगळीत टाकलेल्या वस्तूंना आता ही पोरं 'डिजीकॅम' म्हणतात आणि फोनपेक्षा त्यांचे फोटो जास्त जिवंत येतात म्हणतात. असेल. मला तर त्यातला अर्धा जिवंतपणा फ्लॅशने पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्यांचा वाटतो. पण तिला आत्ताच हे सांगू नकोस.

मी तो २०१० च्या दिवाळीत घेतला. बारा मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, आणि खोक्यावर बोटभर अक्षरांत 'झूम २० पट'. त्या वीस पटीनेच मला गंडवलं. आतलं माहितीपत्रक वाचलं तेव्हा कळलं की भिंगाची खरी ओढ पाच पट, उरलेली चार पट डिजिटल, आणि दुकानदाराने पाच चोक वीस केलेले. डिजिटल झूम म्हणजे काय, तर काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापायचा आणि ताणून मोठा करायचा. चार पट ताणायचं म्हणजे रुंदीचा चौथा हिस्सा आणि उंचीचाही चौथा हिस्सा, म्हणजे सोळावा भाग. बारा मेगापिक्सेलमधले पाऊण मेगापिक्सेल हातात उरतात. मी गणिताचा मास्तर, पण हा हिशेब दुकानात सुचला नाही, हतनूर धरणाच्या काठावर सुचला. जानेवारीत पहाटे उठून, कानाला मफलर गुंडाळून चक्रवाक टिपायला गेलो होतो. घरी येऊन संगणकावर पाहिलं, तर पाण्यावर चौकोनी-चौकोनी नारिंगी लाडू. सौ. म्हणाली, "बुंदीचे दिसता."

त्या दिवसापासून माझं मत वाईट. आणि तिचं? तिला विचारशील तर असा कॅमेरा पुन्हा होणे नाही. तू हसशील, पण तिचं खोटं नाही. तिने झूमच्या खटक्याला कधी बोटच लावलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत भर दुपारी मैदानातली पोरं, वर्गातले तक्ते, कपाशीच्या बोंडावरची अळी, श्रावणात कानबाईची मांडणी. फुलाच्या चिन्हावर, म्हणजे जवळचं टिपायच्या सोयीवर ठेवून ती अळीच्या वीतभर जवळ जायची आणि अळीचे केससुद्धा यायचे. आईचा जो फोटो आज आमच्या ओट्यावर लावलाय ना, खापरावर मांडे टाकताना, तो तिनेच काढलेला. उजेड दारातून येतोय, आईचे दोन्ही हात पिठाने पांढरे. त्याच कॅमेऱ्याने. मी त्यावर काही बोलू शकत नाही.

शेजारचे अण्णा, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी माझ्या भरवशावर तसाच घेतला आणि महिन्यात माझ्याशी बोलणं कमी केलं. तक्रार एकच : "वीस फोटो झाले की मरतो." त्यात कॅमेऱ्याचा दोष थोडा आणि सेलचा फार. घड्याळात नि रिमोटमध्ये घालतो ते स्वस्तातले सेल ते घालायचे. भिंग बाहेर सरकवायचं, फ्लॅश भरायचा, मागचा पडदा पेटता ठेवायचा, या सगळ्याला एकदम जोराचा करंट लागतो. तेवढा ओढला की साध्या सेलचा दाब खाली बसतो आणि कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपला. तोच सेल काढून घड्याळात घाला, महिनोन्महिने चालतो. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल अंगावर लिहिलेले १.२ व्होल्टचेच, पण ओढ पडली तरी तग धरतात. मी माझे चार सेल आणि चार्जर त्यांना दिले, शेगावला जाऊन आले, दोनशेवर फोटो निघाले. तरी अण्णांचं मत बदललं नाही. म्हणाले, "सेल चांगले होते." चार्जरही त्यांच्याकडेच राहिला बरं का, पुढचे दोन महिने.

आता साडू. यावलला त्यांचा स्टुडिओ आहे हे तुला माहीत आहे. त्यांनी हा कॅमेरा हातात घेतला तो दोन बोटांत, गोगलगाय उचलावी तसा. "हे खेळणं." आमच्या पुतणीच्या हळदीला मी हट्टाने मंडपाच्या मागच्या खुर्चीवरून पूर्ण झूम लावून फोटो काढले, एकही धड नाही. त्यांनी तिथल्या तिथे समजावलं, तेही चहाच्या कपाची तबकडी हातात धरून. झूम ताणला की या भिंगाचं तोंड २.८ वरून ५.६ वर येतं, आकडा मोठा तितकं तोंड लहान, म्हणजे आत येणारा उजेड चौथाई. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं, आणि लांबचं ओढून पाहताना हाताचा थरकापही तितक्याच पटीत मोठा. त्यात तो एवढासा फ्लॅश, दोन-तीन मीटरवर दमणारा. "आणि आत उजेड टिपणारा सेन्सर केवढा ठाऊक आहे? साधारण सहा मिलिमीटर बाय साडेचार. करंगळीच्या नखाएवढा. त्यावर बारा मेगापिक्सेल कोंबलेत, रात्री तो काय दाखवणार, राख?" राखच दिसत होती.

पण एक सांगतो, त्याच साडूंना मी ऑगस्टमधल्या उघडिपीत हतनूरला काढलेला फोटो दाखवला. फक्त पाच पटीवर थांबलो होतो, डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करून. धरणाचे सगळे ४१ दरवाजे मोजता येतात त्यात, आणि फेसाळलेल्या पाण्यावरचं धुकंही. त्यांनी खूप वेळ पाहिला. "ऊन होतं," एवढंच म्हणाले. ऊन होतं, बापू. आपल्या खान्देशात उन्हाला काय तोटा? तेव्हापासून कोणी मला या कॅमेऱ्याबद्दल विचारलं की मी उलट विचारतो, कुठे उभा राहणार आहेस.

भाच्याची गोष्ट राहिली. त्याने सारंगखेड्याच्या यात्रेत नेला, घोडे टिपायला. चाळीस फोटोंत चाळीस शेपट्या. बटण दाबल्यावर हा कॅमेरा आधी नजर लावतो, मग विचार करतो, मग फोटो काढतो. तोवर घोडा पुढच्या तंबूत. बटण अर्धं दाबून धरायचं, नजर लागली की हिरवी चौकट येते, मग घोडा चौकटीत आला की उरलेलं दाबायचं. हे मी त्याला आधीच सांगितलं होतं, पण मास्तरचं भाचं कधी ऐकतं का?

हे लिहिताना मला सारखे फोटोग्राफर केकी मूस आठवतायत. कॉलेजात असताना आपण चाळीसगावला उतरून त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहिलो होतो, आत जायची हिंमत झाली नाही नि परतीची पॅसेंजर पकडली. हयातीची पन्नासेक वर्षं माणूस त्या घराबाहेर जवळजवळ पडला नाही म्हणतात, आणि घरातल्या टेबलावर मांडामांड करून अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. १९८९ ला गेले. तेव्हा आपण फाटक लोटायला हवं होतं. असो, कुठून कुठे गेलो.

नातीसाठी घेणारच असशील तर हे कर. दुकानात कॅमेरा चालू-बंद दहा वेळा कर आणि कान लाव. भिंगाची नळी आत-बाहेर होताना 'सुर्र' वाजली तर ठीक, 'कर्र' वाजली तर ठेवून दे. नळी बाहेर येताना फटीतून धूळ आत ओढते. माझा असाच गेला, २०१६ च्या मे महिन्यात, केळीच्या बागेतल्या वावटळीत. नळी अर्ध्यात अडकली ती अडकलीच. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरा आला असता. निरभ्र आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून बघ, आतली धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी नाही ना, तेही पाहा. आणि कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं घेऊ नकोस, तेव्हाचे बरेच कॅमेरे पुढची मोठी कार्डं ओळखत नाहीत, आठ जीबीचं पुष्कळ झालं.

हो, तारीख! आतला घड्याळाचा सेल मेलेला असेल तर प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. आमच्या आईच्या त्या फोटोवर कोपऱ्यात १ जानेवारी २००९ छापलंय, कॅमेरा घेण्याच्या पावणेदोन वर्षं आधीची. धाकट्या बहिणीने त्यावरून एकदा वाद घातला होता, "२००९ ला तर आई माझ्याकडे होती." शेवटी दुकानाची पावती काढून दाखवावी लागली.

दत्तजयंती आठवड्यावर आली, पण तुला सारंगखेड्याची यात्रा जमणार नाही हे धरून चालतो. जानेवारीत मात्र नातीला घेऊन ये. भरिताची वांगी तोवर आहेत, कळण्याची भाकरी सौ. करेल. पोरीला पहाटे हतनूरला नेऊ, पक्षी तिला तिच्या कॅमेऱ्यात येणार नाहीत, ते तिचं तिला कळेल. मग ऊन वर आलं की चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावरच्या देवळात. तिथलं दगडी कोरीवकाम त्याच कॅमेऱ्यात झकास येतं, अनुभवाने सांगतो.

सेल मी भरून ठेवतो. तू फक्त कार्ड वाचायचं ते यंत्र घेऊन ये, माझ्याकडच्याची वायर उंदराने खाल्ली.

तुझा,
आबा