‘हृदयाला छिद्र’ : केवढे, कुठे आणि कोणत्या वयात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या जन्मजात हृदयविकारांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात ‘हृदयाला छिद्र’ हे शब्द हमखास असतात आणि बहुतेक वेळा त्यापुढे काहीच नसते. छिद्र कुठे आहे, केवढे आहे आणि मूल किती महिन्यांचे आहे, हे कळल्यावाचून या शब्दांवरून आजाराची काहीच कल्पना येत नाही. बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम करताना या अर्धवट माहितीने झालेले दोन प्रकारचे नुकसान मी पाहिले आहे : ज्यांच्या बाळाला कसल्याही उपचाराची गरज नव्हती ते आईवडील वर्षभर धास्तावलेले राहिले, आणि ज्यांच्या बाळाची शस्त्रक्रिया काही महिन्यांतच व्हायला हवी होती त्यांनी ‘छिद्र आपोआप बुजते’ असे कुणाकडून तरी ऐकून वाट पाहिली.

हजार जन्मांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. बालपणी लक्षात येणाऱ्या अशा दोषांत सर्वाधिक आढळतो तो हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या, म्हणजे जवनिकांमधल्या, पडद्याचा दोष. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘व्हीएसडी’ असतो. डाव्या जवनिकेला सगळ्या शरीराला रक्त पुरवायचे असते, उजवीला फक्त फुप्फुसांना. त्यामुळे डावीकडचा दाब एरवी उजवीकडच्या चार-पाच पट असतो आणि पडद्यात वाट मिळाली की शुद्ध रक्त डावीकडून उजवीकडे जाऊन पुन्हा फुप्फुसांतच फिरत राहते. या रक्तात प्राणवायू भरपूर असल्याने असे बाळ निळे पडत नाही. नवजात बाळाच्या बोटाला किंवा पायाला लावून प्राणवायूचे प्रमाण पाहतात त्या तपासणीतही, नेमक्या याच कारणाने, हा दोष सहसा सापडत नाही. ती तपासणी चांगली आली म्हणजे हृदय निर्दोष आहे, असा अर्थ कुणी काढू नये.

पालकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो तो ‘मर्मर’, म्हणजे स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा जादा आवाज. आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, असे वाटणे साहजिक आहे, परंतु नळाच्या तोंडावर बोट दाबल्यावर पाण्याची चिळकांडी जोरात उडते, तसेच इथे घडते : छिद्र लहान असले की रक्त वेगाने घुसते आणि आवाज खणखणीत येतो, आणि छिद्र खूप मोठे असले की दोन्ही कप्प्यांतला दाब जवळपास सारखा होऊन आवाज मंद पडतो. आँरी रोजे या फ्रेंच वैद्याने 1879 मध्येच लहान छिद्राच्या या मोठ्या आवाजाचे वर्णन करून ठेवले आहे.

दुसरा गोंधळ काळाचा. जन्मानंतर पहिले काही दिवस फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात आणि उजवीकडचा दाबही जास्तच असतो, म्हणून मोठे छिद्र असलेले बाळसुद्धा ठणठणीत दिसते व तसेच घरी जाते. पुढच्या चार ते आठ आठवड्यांत त्या रक्तवाहिन्या सैलावतात, फुप्फुसांकडे रक्ताचा लोंढा सुरू होतो आणि बाळ दूध ओढता ओढता थांबू लागते, कपाळावर घाम येतो, थोडे पिऊन थकून झोपते आणि लगेच भुकेने रडत उठते. ‘दूध पुरत नसेल’ म्हणून आईलाच बोल लावला जातो तो याच दिवसांत. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळाचे वजन रोज 20 ते 30 ग्रॅमने वाढायला हवे. ते अडले, आणि त्याबरोबर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास शांत झोपेतही मिनिटाला 60 च्या वर जाऊ लागला, तर बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आपोआप बुजण्याविषयी जे बोलले जाते ते खोटे नाही, अर्धे आहे. पडद्याच्या स्नायुमय भागातली लहान छिद्रे बरीचशी पहिल्या दोन-तीन वर्षांत मिटतात. तोपर्यंत ठरल्या वेळी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेणे आणि पुढे दातांतले जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोचू नयेत म्हणून दातांची स्वच्छता सांभाळणे, एवढेच बहुधा पुरते. महारोहिणीच्या (हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) झडपेलगतची किंवा मागच्या बाजूच्या झडपांजवळची छिद्रे मात्र सहसा बुजत नाहीत, आणि पहिल्या प्रकारात छिद्र लहान असले तरी झडप गळू लागण्याचा धोका असतो. मोठ्या छिद्रावर औषधांनी काही काळ निभावते. पण ‘मूल जरा मोठे होऊ दे, मग पाहू’ हा सल्ला, तो कितीही मायेने दिलेला असो, इथे घातक ठरतो. वर्षानुवर्षे जादा दाब सोसून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात, प्रवाह उलटतो, मूल निळे पडू लागते आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे होते. आयझेनमेंगर या वैद्यांनी अशा रुग्णाचे वर्णन 1897 मध्ये केले, तेव्हा तर छिद्र बंद करण्याचा उपायच नव्हता. 1954 मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस येथे लिलेहाय या शल्यविशारदांनी वडिलांच्या रक्ताभिसरणाला मुलाचे रक्ताभिसरण जोडून असे छिद्र प्रथम शिवले. आज हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने काही महिन्यांच्या बाळावरही ठिगळ लावण्याची ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे.

कारण विचाराल, तर बहुतेक मुलांत कोणतेही एक कारण सापडत नाही. डाउन सिंड्रोम, गरोदरपणातला अनियंत्रित मधुमेह, मद्य, फेफऱ्यावरची काही औषधे यांचा संबंध ज्ञात आहे, तरी आईने अमुक खाल्ले किंवा तमुक उचलले म्हणून पडद्यात छिद्र राहत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, अशा मुलाची बातमी देताना वार्ताहरांनी छिद्राची जागा, त्याचा आकार आणि मुलाचे वय अवश्य लिहावे. एकोच्या अहवालात हे सारे काही ओळींतच मिळते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका