ओळंब्यातून गेलेलं घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शर्ली जॅक्सन यांच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) या कादंबरीवर गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. त्यात तक्रार अशी, की अख्खं पुस्तक संपलं तरी भूत दिसत नाही, मग घाबरायचं कशाला?

भूत दिसत नाही, हे खरं. पण मी ही कादंबरी मागच्या मे महिन्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, अंथरूण टाकून, बॅटरीच्या उजेडात, शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. आणि तिसऱ्या रात्री तेवढ्या उकाड्यातही खाली माणसांत येऊन झोपलो.

मी गवंड्याचा मुलगा, पुढे स्वतःही गवंडीच झालो. लहानपणी वडिलांबरोबर अमळनेर तालुक्यात धाब्याची जुनी घरं दुरुस्त करायला जायचो. मातीच्या त्या भिंतींना ओळंबा लावला की एकही सरळ निघायची नाही. चौकट बोटभर कलली तरी दार आपोआप मिटतं. 'तठे कोन शे?' म्हणत पोरं ज्या दारापासून पळायची, त्याच्या बिजागरीखाली वडील एक चिपी मारायचे आणि भूत निघून जायचं.

हिल हाउसही असंच आहे. ह्यू क्रेन नावाच्या माणसाने ते बांधताना एकही कोन काटकोनात ठेवला नाही. दारं उघडी ठेवावीत तर मिटलेली सापडतात. घराचा अभ्यास करायला आलेले डॉ. मॉन्टेग्यू सोबत बोलावलेल्या पाहुण्यांना हे कारण नीट समजावूनही देतात. एरवी कारण कळलं की भीती जाते. इथे ती तिथूनच सुरू होते, कारण त्या घरात चिपी मारायची कुठे हेच कळत नाही. अंधारात मैत्रिणीचा म्हणून घट्ट धरलेला हात, दिवा लागल्यावर तिचा नव्हताच असं त्या पाहुण्यांतल्या एलिनॉरला कळतं, त्या पानावर माझी स्वतःची मूठ वळली होती.

एक दोष मात्र मान्य करतो. डॉक्टरांची बायको प्लँचेट घेऊन येते, तिथे गंमत होते आणि ताण सैल पडतो. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरींनी वाचकाची अशी सुटका केली नसती. आमच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरायची. त्यांच्यावर वाढलेल्या वाचकाला ही कादंबरी संथ वाटली, तर मी समजू शकतो. पण भीतीच वाटत नाही, हे मला पटत नाही.

एलिनॉर बत्तीस वर्षांची. त्यातली अकरा वर्षं आजारी आईच्या सेवेत गेलेली. आई भिंतीवर ठोकून तिला बोलवायची. शेवटच्या रात्रीही तिने ठोकलं असेल. एलिनॉर जागी होऊन पुन्हा झोपली की काय, हे तिचं तिलाच सांगता येत नाही. पुढे हिल हाउसमध्ये एका रात्री ठोकण्याचे आवाज सुरू होतात, तेव्हा ती झोपेतच 'आले आई, आले' म्हणते.

माझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. काठीने भिंत वाजवायची. मी ओसरीवरून 'उनू व माय, उनू' म्हणायचो, आणि दिवसभर कामावरून थकून आलेलो असलो की म्हणूनही कधीकधी उठायचो नाही. ते पान वाचून पुस्तक मिटलं. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, मला सांगता आलं नाही. पुरवणीतल्या लेखकांनी भूत शोधलं, पण या पानाबद्दल त्यांच्या लेखात एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

आईच्या खोलीतल्या त्या भिंतीला काठीचे टोले बसून पोपडे निघालेत. या उन्हाळ्यात गिलावा करायचं ठरवलं होतं. माल आणून ठेवलाय, थापी अजून हातात घेतलेली नाही.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव