चेनचा आवाज ऐकणाऱ्या मामांना

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

कळे गावाच्या पुढं, गगनबावडा रस्त्याला लागून तुमचं सायकल दुरुस्तीचं, पत्र्याचं दुकान आहे. दारात जुन्या टायरांची माळ, पाण्यानं भरलेलं घमेलं आणि आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुणाकुणाच्या सायकली. तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. नाव मिरवायची हौस तुम्हाला नाही, हे तुमच्या दुकानात बसल्या बसल्या कळलं. पण तुमची नात दहावीला आहे आणि घरातला मोबाईल तिच्याच हातात असतो, असं तुम्हीच म्हणालात. ती तुम्हाला हे वाचून दाखवेल. शिवाय हे वाचायला हवं अशी आणखी दोन-तीन माणसं या शहरात आहेत, म्हणूनही चारचौघांत लिहितेय.

आमची सायकल राईड होऊन गेली, पायांचा ठणकाही गेला. तरी त्या सकाळचं कुणाला सांगायला बसले की अजून आवाज भरून येतो.

राईड कशासाठी होती ते तुम्हाला तेव्हा घाईघाईत सांगितलं होतं. दसरा चौकातून निघायचं, रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगे, कळे, साळवण करत गगनबावडा गाठायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. प्रत्येकानं आपापल्या ओळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे काही रक्कम बोलून घेतलेली. कुणी पाच, कुणी दहा. माझ्या आत्यानं तर पेन्शनीतून किलोमीटरला पंधरा रुपये बोलले होते. त्या पैशातून गगनबावडा तालुक्यातल्या वाड्यांवरच्या, आठवी ते दहावीच्या मुलींना सायकली द्यायच्या. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते १९१७ साली, आपल्याच कोल्हापूर संस्थानात. शंभर वर्षं उलटून गेली. चौथीपर्यंतची शाळा आता वाडीच्या जवळ आली, पण हायस्कूल अजून मोठ्या रस्त्यावरच असतं. तिथवरची पायपीट रोज कोण करणार, म्हणून पोरगी घरी बसते. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ जुळेलच असंही नाही. पावसात तर मांडुकलीपाशी कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर येतं आणि सगळंच थांबतं.

म्हणजे मी जिथं थांबेन तिथं नुसती माझी राईड थांबणार नव्हती. पुढच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे बुडणार होते.

आधीच्या वर्षी मी या राईडला सायकल चालवली नव्हती. मी साळवणच्या पाणपोईवर स्वयंसेवक म्हणून उभी होते. लिंबू-मिठाचं पाणी, केळी, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. तिथं उभं राहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. पुढचे दहा-वीस जण वाऱ्यासारखे येऊन जातात, त्यांना आपली फारशी गरज नसते. गरज असते ती अगदी शेवटी येणाऱ्याला, जेव्हा टेबलं आवरायची घाई सुटलेली असते. आमच्या पाणपोईवर साळवणच्या बचत गटातल्या दोन बायका होत्या. शेवटचा माणूस येऊन गेल्याशिवाय त्यांनी पिंप हलवू दिलं नाही. चांगुलपणा काय असतो ते मी त्यांच्याकडे बघून शिकले, आणि पुढच्या वर्षी आपणही सायकल चालवायची असं तिथंच ठरवलं.

म्हणून यंदा तयारीही मनापासून केली. सायकल शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात सर्व्हिसिंगला टाकली. टाकताना सांगितलं, मागून कट् कट् असा आवाज येतो. चढाला मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर गिअर टाकला की जास्तच येतो. काउंटरवरच्या मुलानं मान वर केली नाही. मी परत सांगितलं. तेव्हा त्यानं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, की नवीन सायकल आहे, गिअर सेट व्हायला वेळ लागतो, मॅडमना सवय नसेल. सायकल माझी, आवाज मी ऐकलेला, आणि उत्तर नवऱ्याला! चार दिवसांनी धुऊनपुसून चकचकीत सायकल मिळाली, त्यासोबत चांगलं जाडजूड बिल मिळालं. आवाज होता तिथंच होता. पुन्हा घेऊन गेले तर म्हणाले, ‘तुम्हाला वाटतंय तसं.’

त्या वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

कळं सोडल्यावर जो छोटा चढ लागतो, तिथं मी मोठ्या चकतीवर गिअर टाकला आणि काड् करून आवाज झाला. मागचा गिअर चाकाच्या तारांत शिरला, जागचा तुटला आणि चेनला लोंबायला लागला. चाक जाम. मी रस्त्याकडेला. शेजारून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, वर उसाचा पाला उडतोय. राईडची मदतीची गाडी आली. काच अर्धी खाली झाली. आतून एकानं सांगितलं, ‘मॅडम, मागनं टेम्पो येतोय, त्यात सायकल टाका आणि बसा. तुमची राईड झाली.’ काच वर. गाडी गेली. काय मोडलंय हे त्यांनी विचारलंही नाही. राईडमधली सगळीच माणसं तशी नव्हती, हे मला माहीत आहे, मी त्यांच्यात राबले आहे. पण त्या क्षणी माझ्या वाट्याला ती काच आली.

आणि मग तुम्ही रस्ता ओलांडून आलात.

तुम्ही सायकलीला हातही लावायच्या आधी विचारलंत, ‘ताई, मोडायच्या आधी आवाज कसा येत हुता?’

मामा, त्या प्रश्नाला मी रडले असते. कसाबसा आवाज काढून दाखवला. कट्, कट्, मग थोडा वेळ काही नाही, मग परत कट्. कधीपासून, कुठल्या चकतीवर, चढाला किती, उताराला किती, तुम्ही एकेक विचारत गेलात. मधे तोडलं नाहीत. मान जराशी कलती करून ऐकत राहिलात. मग खाली बसलात, तुटलेला तुकडा बोटात धरलात आणि मला जवळ बोलावून दाखवलात. गिअर ज्यावर अडकवलेला असतो तो ॲल्युमिनियमचा छोटा हुक. तुटलेल्या जागी अर्धा भाग लखलखीत पांढरा आणि अर्धा काळपट. ‘पांढरं हाय ते आत्ता मोडलंय. काळं हाय ते कवाच चिरलं हुतं. वाकलं हुतं, म्हणून तारंत गेलं. तुमी बरोबर ऐकलं हुतं बगा.’

तुमी बरोबर ऐकलं हुतं. एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून मी महिनाभर त्या दुकानाच्या पायऱ्या चढत होते.

तसला हुक तुमच्याकडे असणं शक्यच नव्हतं. तुमच्याकडे येतात त्या दूधवाल्यांच्या, शेतात जाणाऱ्यांच्या, शाळेच्या पोरांच्या सायकली. पण ‘न्हाई’ म्हणून तुम्ही हात झटकले नाहीत. गिअर काढूनच टाकायचा आणि चेन छोटी करून सायकल साधी करायची, असं ठरवलंत. तेही आधी मला विचारून, ‘चेन कापाय लागंल, चालंल न्हवं? महाग असती ही.’ माझी वस्तू होती म्हणून मला विचारलंत. रुळाच्या तुकड्यावर चेन ठेवून पंच आणि हातोडीनं पिन ठोकलीत, पण पुरती बाहेर जाऊ दिली नाहीत. टोकावर धरून ठेवलीत, कारण एकदा सुटली की परत बसणार नाही. जुन्या सायकलीला चाक मागं ओढून चेन ताणता येते. माझ्या सायकलीला ती खाच नाही, म्हणून चेनची लांबीच नेमकी यायला हवी. एक कडी ठेवली तर ढिली, एक काढली तर चाक फिरेना. मग पुढची मधली चकती आणि मागची ही की ती, असं करून बघत, दर वेळी अंगठ्यानं चेन दाबून बघत तुम्ही जुळवत गेलात. तोवर शेजारी तुमची नात घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होती. पंक्चर सापडल्यावर तिनं काचकागद असा सफाईनं घासला, की माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच.

कापलेल्या कड्या तुम्ही कॅलेंडरच्या कागदात बांधून माझ्या खिशात दिल्यात. ‘टाकू नगासा, परत जोडाय लागत्याल.’

मी किती झाले विचारलं. तुम्ही चाळीस म्हणालात. मी पाचशेची नोट पुढं केली, राहू दे म्हटलं. तुम्ही शेजारच्या टपरीवरून सुट्टे आणून चारशे साठ माझ्या हातात मोजलेत. दुरुस्तीचं जेवढं तेवढं, म्हणालात. ते मला तेव्हा जरा लागलं, खरं सांगते. आता वाटतं, ते असंच असायला हवं होतं.

पण मी हे पत्र त्याच्यासाठी लिहीत नाही. चेन जोडून देणारं कुणीतरी दुसरंही भेटलं असतं. तुम्ही त्यानंतर जे केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. मी निघाले तेव्हा तुम्ही दुकान नातीवर सोपवलंत, भिंतीची तुमची जुनी काळी सायकल काढलीत, कॅरिअरला पिशवीत हातोडी आणि पंच अडकवलात आणि म्हणालात, ‘व्हा म्होरं. मी मागनं येतो, आवाज ऐकत.’

आणि आलात. उन्हात, उसाच्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात, माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून. बोलत नव्हतात. मीही बोलले नाही, कारण तुम्हाला ऐकायचं होतं. पहिल्या चढाला तुम्ही ओरडलात, ‘थांबा!’ मला काही जाणवलं नव्हतं. ‘वरच्या चकतीवर चढाय बघतीया’ म्हणत तिथंच रस्त्याकडेला परत बसलात आणि चेन एका चकतीनं सरकवलीत. परत निघालो. पुढचा चढ गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग तुम्ही शेजारी आलात आणि म्हणालात, ‘आता गप बसली. जावा बिनघोर.’ आणि वळलात.

आपल्या नात्याची नाही, गावची नाही, पुन्हा गिऱ्हाईक म्हणून यायची शक्यता नाही, अशा बाईच्या सायकलीचा आवाज बरोबर येतोय ना, हे ऐकायला एक माणूस आपलं दुकान सोडून तेवढ्या लांब आला. आपल्या भागात अशी माणसं आहेत म्हणून आपला भाग टिकून आहे असं मला वाटतं. २०१९ च्या महापुरात शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला आणि कुठकुठले ट्रकवाले अडकून पडले. तेव्हा ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, त्या माणसांनीही त्यांना भाकऱ्या पोहोचवल्या. ती माणसं त्या ट्रकवाल्यांची भाषा बोलत नव्हती, नंतर त्यांची कधी गाठही पडणार नव्हती. पण समोरचा माणूस भुकेला आहे, एवढं त्यांना पुरलं. तुमची जात तीच. मोठमोठे फलक लावून ‘सेवा’ लिहिणाऱ्यांनी तुमच्या दुकानात एक सकाळ येऊन बसावं.

पुढचं थोडक्यात सांगते. एकाच गिअरवर साळवण गाठलं. गगनबावड्याच्या शेवटच्या चढाला उतरून ढकलत नेली, पण गगनगड समोर दिसायला लागला तेव्हा पुन्हा बसून चालवली. सगळे जेवून परतले होते. दोन कॉलेजची पोरं तेवढी माझं ताट झाकून ठेवून बसली होती, त्यांनाही इथूनच धन्यवाद. चेन ना जाताना बोलली ना येताना. परतीला तुमच्या दुकानाशी थांबले तर कुलूप होतं. दसरा चौकात पोचेपर्यंत अंधार पडला होता, पण किलोमीटर पूर्ण भरले आणि आत्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच पैसे मोजून दिले.

आता कामाचं. पिन ठोकता ठोकता तुम्ही मला एक विचारलं होतं: ‘सायकली देतायसा ते बेस, पर पंक्चर कोन काढनार? फुकट मिळालेल्या सायकली मी लई बघितल्यात. पयल्या पंक्चरला भिताडाला लागत्यात.’ मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते मी आमच्या बैठकीत मांडलं. थोडी कुरबूर झाली, पैसे मर्यादित आहेत, सायकलींची संख्या कमी होईल वगैरे. मी हटले नाही. चार सायकली कमी दिल्या तरी चालतील, पण दिलेली चालली पाहिजे. शेवटी ठरलं, की प्रत्येक सायकलीसोबत पंप, सोल्यूशन आणि ठिगळं द्यायची, आणि वर्षभराच्या दुरुस्तीचे पैसे त्या-त्या भागातल्या मेस्त्रीकडे आधीच जमा करायचे. शहरातल्या दुकानाशी करार करायची एक सूचना आली होती, ती मागे पडली.

साळवण भागासाठी मी तुमचं नाव दिलं आहे. न विचारता दिलं, त्याबद्दल रागावू नका. वर्षाचे सायकलीमागे किती घेणार ते तुम्ही सांगायचं, आणि कमी सांगायचं नाही. सायकली उतरवायच्या दिवशी मी स्वतः तुम्हाला न्यायला येईन. येताना नातीला बरोबर आणा. पोरींना पंक्चर काढायला तिनंच शिकवायचं आहे, आणि त्याचे पैसे तिला वेगळे मिळतील, तुमच्यातून नाही.

तुमची,
निळ्या सायकलीवरची ताई
कोल्हापूर