जागेच्या किमतीबद्दल आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपली डोंबिवलीची जागा विकण्याचा विषय निघाला की बाबा "पंच्याहत्तरच्या खाली एक रुपया नाही" असे म्हणतात आणि बोलणे तिथेच थांबते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पंच्याहत्तर लाख हा आकडा समोरच्या विंगेतल्या काकांच्या जाहिरातीतला आहे. ती त्यांनी मागितलेली किंमत झाली, आणि त्यांची जागाही अजून विकली गेलेली नाही. प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाले, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताच्या सूची क्रमांक दोनमध्ये (म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात) 'मोबदला' या रकान्यात दिसते. डोंबिवली पूर्वेला आपल्या भागातील लिफ्ट नसलेल्या इमारतींचे अलीकडचे दस्त मी पाहिले, तर आपल्याएवढ्या जागा ६० ते ६४ लाखांच्या दरम्यान गेल्या आहेत.

डोंबिवलीत गिऱ्हाईक नाही असे नाही, पण ते कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांकडे वळते, कारण तिथे लिफ्ट मिळते, गाडी उभी करायला जागा मिळते आणि कर्जही सहज मंजूर होते. आपली इमारत १९८८ची, म्हणजे तीस वर्षांच्या पुढची. अशा इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी व्हायला हवे, आणि आपल्या सोसायटीने ते केलेले नसल्यामुळे आवडलेली जागासुद्धा माणसे बँकेकडून कर्ज न मिळाल्याने सोडून देतात. बाबा, किंमत बोलण्याआधी तुम्ही कमिटीकडे या अहवालाचा आग्रह धरावा, असे मला वाटते.

पुनर्विकासाची वाट पाहण्याचा सल्ला मला पटत नाही. जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. आधी मानीव अभिहस्तांतरण (म्हणजे सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणे), मग सभासदांची संमती, मग बिल्डर आणि त्यानंतर काही वर्षे भाड्याच्या घरात राहणे, हे सगळे तरुण सभासदांना परवडेल. आई, तुझे गुडघे आजच तिसऱ्या मजल्याला कंटाळले आहेत.

शिवाय आपल्याला विकून पैसे ठेवायचे नाहीत, तर पुण्यात माझ्या जवळ लिफ्ट असलेली जागा घ्यायची आहे. तिथला विकणाराही बरेच दिवस ताटकळला असून किंमत उतरवायला तयार आहे. त्यामुळे इकडे किती कमी आले याच्यापेक्षा दोन्ही किमतींतला फरक किती राहतो हे पाहणे महत्त्वाचे आहे, आणि तो फरक आज आपल्या आवाक्यात आहे. आपण पंच्याहत्तरवर अडून राहिलो आणि ती जागा गेली, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

म्हणून माझे म्हणणे असे, की दर महिन्याला लाख-लाख उतरवण्याऐवजी एकदम ६५ सांगावे आणि ६२पर्यंत यावे. किंमत हळूहळू उतरत गेली की जागेत काही दोष असावा असा संशय येतो आणि समोरचा आणखी थांबतो. आपले सरकारी मूल्यांकन साठच्या खाली आहे, त्यामुळे रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे या सरकारी दरापेक्षा, कमी किमतीत विकल्याची कराची अडचण ६२ला येत नाही.

एजंटाने सुचवलेली रोख रक्कम मात्र अजिबात घेऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. खरेदीदार एक टक्का कर कापून भरेल. तो तुमच्या विवरणपत्रात वळता होतो, तेव्हा त्याने पैसे कमी दिले असे समजू नका. भांडवली नफा, म्हणजे विक्रीतला नफा, काढताना जुन्या खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१चे मूल्य धरता येते आणि विक्रीनंतर दोन वर्षांत नवी जागा घेतली तर तिच्यात गुंतलेल्या नफ्यावर कर लागत नाही. तरीही नफ्यावरच्या कराचे दोन्ही हिशेब, सरळ साडेबारा टक्क्यांचा आणि महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून वीस टक्क्यांचा, सीएंकडून करून घेऊ.

शेअर सर्टिफिकेट, मूळ खरेदीखत आणि मालमत्ता कराच्या पावत्या बाबांनी एकत्र काढून ठेवाव्यात. मी येत्या शनिवारी येते आहे. एजंटाला रविवारी सकाळी बोलावून घ्या.

आपली,
लेक