धोटा कुणाचा?

लालबाग, मुंबई
२० जुलै

प्रिय सुलू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘दुसऱ्या वर्षाच्या पोरांना आधुनिक कलेकडून आधुनिकोत्तर कलेकडे कसं न्यायचं? फळ्यावर व्याख्या लिहिली की त्यांचे डोळे मिटायला लागतात,’ असं तू लिहिलं होतंस. मी दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा व्याख्याच लिहून काढल्या. पानं फाडून टाकली. मग गेल्या रविवारी एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. तो आधी सांगते. तुझ्या प्रश्नाकडे मला तिथूनच जाता येतंय.

लेकाचा पहिला पगार झाला. आजोबांना चांगल्या ठिकाणी जेवायला न्यायचं हे त्याच्या मनात कधीपासून होतं. त्यानं निवडलेलं हॉटेल एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. बाबांची गिरणी ती नव्हे, पण तिचा भोंगा चाळीत ऐकू यायचा. आत गेलो तर गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या, छताच्या लोखंडी कैच्या तशाच, आणि समोरच्या भिंतीवर ओळीनं धोटे लावलेले, म्हणजे कापड विणताना सूत आडवं नेणारी लाकडी साधनं. शंभरएक असतील. त्यांच्यावर खालून पिवळा उजेड सोडलेला. प्रत्येक टेबलावर एक धोटा आडवा ठेवून त्यावर पितळेचा नंबर ठोकलेला. आमचा ९.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. १९६८पासून गिरणी संपापर्यंत ते साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी धोटा उचलला आणि बाजूच्या लाकडावर अंगठा फिरवायला लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग दिव्याजवळ धरून पाहिला. ‘‘याला डोळा नाही,’’ म्हणाले.

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. धोट्याच्या पोटात सुताची कांडी बसते. सुताचं टोक बाजूच्या एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. तो डोळा. कांडी संपली की नवीन घालायची, आणि साचा थांबलेला परवडत नाही म्हणून डोळ्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सूत ओठावर येतं. त्याबरोबर कापसाची पूडही येते, तेलाचा वास येतो. आधीच्या पाळीतल्या माणसानं त्याच डोळ्याला तोंड लावलेलं असतं. ‘‘आपला धोटा अंगठ्याला कळतो,’’ म्हणाले. ‘‘डोळ्याची कड झिजते ना.’’

वाढायला आलेल्या मुलाला त्यांनी विचारलं, ‘‘हा कुठल्या गिरणीतला रे?’’ मुलगा सरळ होता. म्हणाला, ‘‘गिरणीतले नाहीत, आजोबा. इंटिरियरवाल्यांनी बनवून आणलेत. जुने दिसावेत म्हणून पॉलिश तसं मारलंय.’’ बाबांनी मान हलवली आणि धोटा जागेवर ठेवला, नंबर त्या पोराला दिसेल असा वळवून. जेवले व्यवस्थित. परत येताना टॅक्सीत म्हणाले, ‘‘भिंतीवर लावायला हरकत नाही गं. पण डोळा तरी पाडायचा.’’

सुलू, मला त्या रात्री झोप लागली नाही. जे. जे. कला महाविद्यालयाच्या अंधाऱ्या वर्गात स्लाइडवर पाहिलेले ते जोडे डोळ्यांपुढून हलेनात. व्हॅन गॉगनं १८८६ साली पॅरिसमध्ये रंगवलेले, नाड्या सुटलेले, वाकलेले जोडे. हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं त्यांच्यावर लिहिलं की हे शेतकरी बाईचे जोडे आहेत, यांच्यात तिचं ओलं वावर आहे, तिचे थकलेले पाय आहेत. पुढे १९६८मध्ये मायर शापिरो या कला-इतिहासकारानं ते खोडून काढलं. हे शेतकरी बाईचे नव्हेत, तेव्हा शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे आहेत, असं त्याचं म्हणणं. भांडण दोन विद्वानांचं, पण दोघांचा प्रश्न एकच होता: कुणाचे? चित्रात पाय नाहीत, तरी ते कुणाच्या तरी पायातून उतरलेत याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. १९८४ साली फ्रेडरिक जेमसन या अमेरिकन समीक्षकानं आधुनिकोत्तर संस्कृतीवर जो मोठा निबंध लिहिला, त्यात त्यानं त्या जोड्यांशेजारी अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या बायकी बुटांचं चित्र ठेवलं. काळ्या पार्श्वभूमीवर विखुरलेले चकचकीत बूट. त्यांच्यामागे शेत नाही, रस्ता नाही, घालणारी बाई नाही. कुणाचे असं विचारायला जागाच नाही.

तुझ्या पोरांना मी हे दोन फोटो शेजारी शेजारी दाखवीन आणि बराच वेळ काही बोलणार नाही.

पण हे दाखवून थांबू नकोस, कारण मग त्यांना वाटेल की आधी सगळं खरं होतं आणि नंतर खोटं झालं. तसं नाहीये ते. आधुनिकांची आपली गोष्ट केवढी उमेदीची होती! १९४७ साली याच शहरात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझाला दोनच वर्षांपूर्वी कॉलेजातून काढलेलं. आरा घरगडी म्हणून राबलेला, गाड्या पुसलेला. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवणारा. त्यांना ब्रिटिशांची शाळकरी हुबेहूब चित्रकला नको होती आणि जुन्या वैभवाचे उसासेही नको होते. चित्र म्हणजे रंग, रेषा आणि आकार, आणि ही भाषा जगात कुठेही कळेल, हा त्यांचा विश्वास. मग चित्रकार गायतोंड्यांनी आकृतीही सोडली. त्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की अजूनही माझा श्वास संथ होतो, आणि त्याला कुणी कालबाह्य म्हणालं तर मला राग येतो.

आमच्या खोलीतही एक आधुनिकता होती. भिंतीवर लाल बावटा होता. बाबांना नारायण सुर्व्यांच्या ओळी पाठ होत्या. इतिहास पुढे जातो, कामगार शिकेल, एक दिवस गिरणी त्याची होईल, यावर त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धा हा शब्द मी मोजून वापरतेय. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. बाबा पुढे एका सोसायटीत वॉचमन झाले. त्यांनी बावटा उतरवला नाही, पण सुर्व्यांच्या ओळी म्हणायचे थांबले. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला एवढंच कळलं की घर शांत झालंय.

ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९७९मध्ये आधुनिकोत्तर अवस्थेची खूण सांगितली ती ही: महाकथनांवरचा विश्वास उडणं. प्रगती, मुक्ती, विज्ञान सगळ्यांना तारील अशा ज्या थोर गोष्टींच्या आधारानं माणसं जगली, त्या आता पटत नाहीत. कॉलेजात हे वाक्य मला फार चलाख वाटायचं. आता वाटतं, पॅरिसमध्ये तो विचार होता. परळला तो गिरणीच्या बंद दाराशी उभा होता. विश्वास उडणं ही डोक्यातली घटना असेल तर माणूस दुसरं पुस्तक उघडतो. आमच्याकडे त्याबरोबर पगार गेला.

एक सावधगिरी मात्र पोरांना जरूर सांग. पुस्तकांत एक तारीख येईल: १५ जुलै १९७२. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या प्रुइट-आयगो या वसाहतीच्या, अकरा मजल्यांच्या ३३ इमारतींच्या, पाडापाडीतला तो एक दिवस. चार्ल्स जेंक्स या वास्तुकलेच्या समीक्षकानं लिहिलं की त्या दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी आधुनिक वास्तुकला मेली. मिनिटासकट मृत्यू नोंदवलेला! पण त्या इमारती एका नकाशामुळे मेल्या नव्हत्या. देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघायचा, शहरातली वस्ती आणि रोजगार ओसरत होते, काळ्या लोकांना वेगळं ठेवणारी धोरणं होती. भाडं आटलं तशा लिफ्ट बंद पडल्या. हे सगळं वगळून ‘आधुनिक मेलं’ एवढंच सांगायचं म्हणजे पुन्हा एक महाकथनच झालं. आणि त्यातही तिथं राहणाऱ्या बायकापोरांना कुणी विचारलेलं नाही.

आता आनंदाचा भाग. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर आपण १९९६ला भांडलो होतो, आठवतंय? तू म्हणत होतीस, शुद्ध चित्र, शुद्ध कविता हे सोवळं आहे, त्याला शिवायला हवं. मी गायतोंड्यांची बाजू लढवत होते आणि चहा गार झाला. तू बरोबर होतीस, हे आता लिहून देते. त्याच जहांगीरमध्ये १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं होतं: भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि सुधीर पटवर्धन. शीर्षकातच माणसांसाठी जागा मागितली होती. खक्कर हा मुंबईत जन्मलेला, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. त्यानं १९७२मध्येच घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातला माणूस मोठ्या चित्रात बसवला होता, दुकानाची पाटी आणि कॅलेंडरचे रंग यांच्यासकट. ज्या चित्रांना आपण कॉलेजात ‘बाजारू’ म्हणून नाक मुरडायला शिकलो, ती त्यानं प्रेमानं आत घेतली. पटवर्धन ठाण्यात एक्स-रे पाहणारे डॉक्टर होते, आणि त्यांच्या चित्रांत लोकल, इराणी हॉटेल, कामावरून परतणारी शरीरं. बाबांनी त्यांचं एक चित्र छापलेलं पाहिलं तेव्हा चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘दुसरी पाळी.’’

आणि कवी नामदेव ढसाळ. त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२चा, ल्योतारच्या आधी सात वर्षं. शुद्ध मराठी, शुद्ध काव्य, एकसंध मराठी समाज, ही सगळी थोर गोष्ट त्यांनी कामाठीपुऱ्याच्या भाषेनं फोडली. पण म्हणून त्यांना आधुनिकोत्तर हे लेबल लावायला माझं मन घेत नाही. खरं काही नसतंच, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. आमचं खरं तुमच्या गोष्टीत नाही, असं म्हटलं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुझ्या वर्गात तो फरक कळला तर बाकी पाठ्यक्रम नाही झाला तरी चालेल असं मला वाटतं.

कारण आपण एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबतोय, सुलू. एक आधुनिकोत्तर दार उघडतं आणि विचारतं, ही गोष्ट सांगणारा कोण, कुणाला वगळून सांगतोय? दुसरं म्हणतं, कुणाचंच काही नसतं, सगळी नुसती चिन्हं आहेत, घ्या आणि भिंतीवर लावा. बोद्रिआर या फ्रेंच विचारवंतानं १९८१मध्ये अशा प्रतिरूपांबद्दल लिहिलं ज्यांच्यामागे मूळ वस्तूच उरलेली नाही. ते मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण प्रतिरूप ओळखायला मूळ वस्तू हाताळलेला माणूस लागतो. बाबा शेजारी नसते तर मी त्या भिंतीचा फोटो काढून तुला पाठवला असता, ‘बघ, गिरणीची आठवण किती सुंदर जपलीय’ म्हणून.

साधनांचा दोष नाही, हेही सांग. विवान सुंदरम यांनी १९९३मध्ये ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प केलं. त्याचा गाभा वर्तमानपत्रातला एक फोटो: मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर पडलेला एक मृत माणूस. तोच फोटो पुन्हा पुन्हा घेतला, त्यात खिळे ठोकले. उसना फोटो, पुनरावृत्ती, चित्र-शिल्प यांच्या सीमा पुसणं, सगळी साधनं आधुनिकोत्तर म्हणतात तीच. पण तो माणूस अनोळखी होता आणि त्याला कुणी उचललं नव्हतं, म्हणून कलाकारानं त्याच्यासाठी जागा बांधली. तिथं ‘कुणाचा?’ हा प्रश्न प्रत्येक खिळ्याबरोबर आत जातो.

तर माझं उत्तर एवढंच आहे. पोरांना वाद कळायच्या आधी एक वस्तू आणायला सांग, घरातली, वापरलेली. तिची झीज कुठे आहे आणि कुणामुळे, हे वापरणाऱ्या माणसालाच विचारून यायला सांग. मग हवं तर तिला चित्रात घाला, कापा, उलटी टांगा, तिच्या शंभर प्रती काढा.

काल बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. बोद्रिआरपाशी त्यांना डुलकी लागली. पण संध्याकाळी जुन्या कॅलेंडरचं पान मागून घेतलं आणि पाठीमागे धोटा काढला, खऱ्या मापाचा, बोटांनी लांबी मोजून. कांडी तुटक रेषेनं दाखवलीय, टोकाला ‘लोखंड’ असं लिहिलंय, आणि डोळ्याकडे बाण काढलाय. त्या जागी पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय. पान सोबत घातलंय, वर्गात दाखव. आणि काम झालं की परत पाठव, त्यांनी आजच दोनदा विचारलंय.

तुझीच,
माधुरी