ती पट्टी हॉस्पिटलची नव्हती

मुलुंड,
१८ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, आधी हे एक वाक्य वाच, मग चष्मा पुसून सावकाश पुढचं वाच. मला काहीही झालेलं नाही. सोमवारी पहाटे दादरला उतरून लालबागला आलो तेव्हा माझ्या मनगटावर जी गुलाबी कागदी पट्टी होती, ती हॉस्पिटलची नव्हती. तू विचारलंस, मी "अगं, नाशिकच्या हॉटेलची" म्हणालो आणि टॉवेल घेऊन आंघोळीला पळालो. तेव्हापासून बाबांचे पाच फोन झाले, पाचही 'सहज केलेले', आणि काल डब्यातून डिंकाचे लाडू आले. तू डोक्यात काय घेऊन बसली आहेस ते लाडू बघितल्यावर कळलं.

नाशिकला मी गेलोच नव्हतो. पणजीला गेलो होतो. मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, त्यांतल्या एकीवर पैसे लावून पोकर खेळायला. पट्टी तिथल्या प्रवेशाची.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि आपल्या मजल्यावर सगळ्यांचे कान चांगले आहेत. म्हणून डब्याच्या पिशवीत हे पत्र.

बाबा, तुमची उभी हयात कोर्टाच्या कारकुनीत गेली, तुम्ही पहिल्यांदा कायदाच विचारणार. महाराष्ट्रात हे चालत नाही. आपल्याकडे १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. गोव्यात सरकारी परवान्यावर चालतं. एकवीस वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र दाखवावं लागतं. गंमत म्हणजे २०२० पासून खुद्द गोवेकरांना आत जायला बंदी आहे. बाहेरच्यांनी खुशाल बुडावं.

आणि आई, तुझा प्रश्न किती गेले हा. एकूण तीस हजार घेऊन बसलो, अठरा हजार दोनशे घेऊन उठलो. गेले अकरा हजार आठशे. कोकणकन्येचं तिकीट आणि राहणं-खाणं वेगळं. कर्ज काढलेलं नाही, कुणाकडून घेतलेले नाहीत, दिवाळीच्या बोनसमधले होते. तरी तुझ्या कपाळावर आता जी आठी पडली असेल ती मला इथून दिसते.

तुझ्या लहानपणी पगाराच्या दिवशी तू आजोबांची वाट बघत गिरणीच्या फाटकाशी उभी राहायचीस, ते तू एकदाच सांगितलंस, पण मी विसरलो नाही. आजोबा दुसऱ्याच दाराने निघून आकडा लावायला जायचे. आजीचा तांब्याचा बंब गेला तो परत आलाच नाही. म्हणून आपल्या घरात पत्त्यांवर पैसा कधी आला नाही. गणपतीच्या जागरणाला चाळभर तीन पत्ती चालायची आणि आपल्या खोलीत मेंढीकोट, तोही चिंचोक्यांवर.

या वेळी मी मटक्याचा हिशेब नीट मांडून पाहिला. मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर, पुढे रतन खत्रीच्या काळात पत्ते काढून आकडा ठरायला लागला. आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ येतात. आजोबा कितीही हुशार असते, स्वप्नात कुणीही येऊन आकडा सांगितला असता, तरी तो दहावा रुपया त्यांच्या हातात नव्हताच.

पोकरमध्ये समोर कॅसिनो नसतो, आपल्यासारखीच आठ माणसं असतात. हरलो तर पैसे त्यांच्याकडे जातात. कॅसिनो फक्त प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण बसल्या बसल्या मोजत होतो. तासाला अठ्ठावीसेक डाव होतात. डावाला सरासरी अडीचशे रुपये कापले धरले तर तासाला सात हजार टेबलावरून नाहीसे. मी सात तास बसलो. एकोणपन्नास हजार, म्हणजे आम्ही नऊ जणांनी सुरुवातीला माणशी वीस हजार आणले धरले तर जवळजवळ अडीच माणसांची पूर्ण रक्कम, कुणीही न जिंकता गेली. आजोबांचा दहावा रुपया इथेही आहेच, फक्त तो हळूहळू जातो आणि त्याच्याबरोबर चहा मिळतो.

आमचं टेबल तिथलं सगळ्यात खालचं, शंभर-दोनशेचं. म्हणजे पत्ते बघायच्या आधीच एकाने शंभर आणि त्याच्या शेजारच्याने दोनशे टाकायचे, आणि ही पाळी सगळ्यांवर फिरते. नुसतं बसून प्रत्येक डाव टाकून दिला तरी तासाला नऊशेच्या आसपास जातात. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती लपवायची. मग मध्ये आधी तीन पानं उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. ही पाच सगळ्यांची. त्या सातांतली उत्तम पाच ज्याची, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकायचे.

मी मोबाईलवर दोनेक वर्षं खेळत होतो, लोकलमध्ये, बारीक रकमेवर. (हेही तुम्हाला माहीत नव्हतं. आता झालं.) ऑगस्टमध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा ते थांबलं. पण मोबाईलवर बटण दाबायचं असतं, इथे हात वापरावे लागतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात माझी पुरती फजिती झाली. तिथे नोटांऐवजी चकत्या असतात. रक्कम वाढवायची म्हणून हजाराची चकती न बोलता पुढे सरकवली. पत्ते वाटणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "कॉल." तोंडाने रक्कम सांगितली नाही आणि एकच चकती टाकली तर ती नुसती बरोबरी धरतात, उरलेले सुटे परत. पुढच्या डावात पाचशे ठेवले आणि लगेच आणखी पाचशे आणायला हात मागे नेला, तेही चालत नाही. एकदाच काय ते ठेवायचं. शेजारी बेळगावचे एक काका होते, त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, तू बाबांना भाजी निवडताना बघून हलवतेस तशी.

आई, खरं सांगू? सात तासांत पावणेदोनशेच्या वर डाव झाले, त्यांतले मी पस्तीसेक खेळलो असेन. बाकी सगळे पत्ते टाकले. दुर्री-नश्शी, टाक. गुलाम-चव्वी, टाक. सुरुवातीलाच जोडी हातात येते ती सतरा डावांत एकदा. मधल्या वेळात काम एकच, माणसं बघणं. आणि ते मी तुझ्याकडूनच शिकलोय. मेंढीकोटमध्ये शेजारच्या काकूंच्या हातात दश्शी असली की त्या पत्ते उगाच नीट जुळवतात, हे तूच मला सातवीत सांगितलं होतंस. इथे समोर पुण्याचा एक मुलगा होता, तो सारखा चकत्यांशी चाळा करत होता. त्याचे हात थांबले की समजायचं, याला काहीतरी लागलंय. माझ्याकडे एक्का-राणी, मध्ये राणी पडलेली, मी शेवटपर्यंत पैसे लावत गेलो. शेवटच्या पानावर त्याने एकदम तिप्पट केले. हात निवांत मांडीवर. या असल्या छोट्या टेबलावर शेवटच्या पानाला कुणी उगाच वाढवत नाही. मी पत्ते टाकले. त्याने हौसेने उघडून दाखवले, सलग पाच पानं होती. बेळगावच्या काकांनी माझ्याकडे बघितलं, या वेळी मान हलवली नाही.

तो डाव मी हरलो, पण दिवसभरात सगळ्यात छान तोच वाटला.

दुसरा डाव मात्र सांगायलाच हवा. तिसरा तास संपत आला होता, समोर सतरा हजार सहाशे होते. हातात दोन अठ्ठ्या, इस्पिक आणि चौकट. मध्ये उघडले बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर अठ्ठी. तीन अठ्ठ्या! जोडीवर असं पान पडायला आठ-नऊ वेळा वाट बघावी लागते. मी लावले, काकांनी वाढवले, मी सगळे लोटले. काका क्षणभर चकत्या बघत राहिले आणि म्हणाले, "चला." त्यांच्याकडे बदाम एक्का, बदाम नश्शी. आणखी एक बदाम पडला तर त्यांचा रंग पुरा, म्हणजे पाच बदाम, आणि ते तीन अठ्ठ्यांना मारतात. हा डाव चारदा खेळला असता तर तीनदा मी जिंकलो असतो.

चौथं पान किलवर गुलाम. शेवटचं, बदाम पंजी.

काकांनी "सॉरी हां" म्हटलं आणि खरंच वाईट वाटल्यासारखे दिसले. मी "छान खेळलात" म्हणालो. त्यात माझी चूक काही नव्हती. पुन्हा तीच पानं आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि त्याबद्दल मला काहीच वाटत नाही.

वाटतं ते पुढच्या पाच मिनिटांचं. घरून निघताना ठरवलं होतं की वीस हजार न्यायचे, संपले की उठायचं, किनाऱ्यावर येऊन मासे खायचे. ठरवलं होतं म्हणजे वहीत लिहिलं होतं, बाबा, तुमच्यासारखं, तारीख घालून. आणि आई, मी खुर्चीवरून उठलो तो थेट काउंटरवर गेलो. मध्ये विचार केला असं म्हणता येणार नाही. पाय गेले. खिशातून कार्ड काढेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट होती, टेबलावरची माझी जागा कुणी घेऊ नये. आणखी दहा हजारांच्या चकत्या घेतल्या. आजोबा दुसऱ्या दाराने कसे बाहेर पडत असतील ते मला तेव्हा कळलं. गिरणीतला तो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त घाई असणार. हे मी त्यांच्या बाजूने बोलत नाहीये, तुझ्या फाटकाशी उभं राहण्याला त्याने काहीच होत नाही. पण इतकी वर्षं मला ते समजतच नव्हतं.

त्या दहाचे अठरा हजार दोनशे झाले. म्हणून हे पत्र लिहायला जास्त अवघड जातंय. ते दहाही गेले असते तर गोष्ट सरळ झाली असती, तुम्ही रागावला असतात, मी कान धरले असते. आता मित्र म्हणतात, "बघ, परत बसलास म्हणून वसूल झाले." हिशेबाने खरं आहे. मला मात्र तो काउंटरपर्यंतचा कार्पेट अजून दिसतो.

पुन्हा कधीच जाणार नाही असं लिहीत नाही, कारण नाशिकनंतर तुम्हाला आणखी एक खोटं सांगायचं नाहीये. खेळ मला आवडतो. वर्षातून एकदा जाईन कदाचित. पण गेलो तर जायच्या आधी सांगीन, आणि कार्ड तुमच्याकडे ठेवून जाईन, बाबा. तुमच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मला अजून माहीत नाही, हे एक बरं आहे.

आता रागवायचं असेल तर फोनवर नको, मजला ऐकतो. रविवारी येतोच आहे, दुपारी जेवायला. ताईलाही बोलावून घे, म्हणजे मेंढीकोटला चार जण होतील. भिडू मी तुझाच, बाबांना ताई घेऊ दे. बाबा दश्शी आधीच टाकून बसतात.

तुमचा,
बंड्या

ता. क. मधल्या डब्यात बेबिंका आहे. पणजीहून आणलेलं, सोमवारी तुमच्याकडे आलो तेव्हा बॅगेतच होतं. काढलं असतं तर नाशिकला बेबिंका कुठून मिळालं ते सांगावं लागलं असतं. तेव्हापासून फ्रीजमध्ये ठेवलंय, चांगलं आहे. आई, बाबांना एकच फोड दे, नारळाच्या दुधाचं आणि साखरेचं असतं. आणि लाडू मी सगळे खाल्ले.