भरिताच्या पंगतीला कोणती वाईन? आमच्या ताटाचंही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत हिवाळ्यातल्या डिनरला कशाबरोबर कुठली वाईन घ्यायची यावर पानभर लेख आला होता, मी तो दोनदा वाचला. आधी कालवं आणि शाब्ली, मग भाजलेलं बदक आणि पिनो न्वार, शेवटी निळ्या बुरशीचं रोकफोर चीज आणि गोड सोतर्न. लेख चांगला होता, माहिती बरोबर होती, पण हे ताट जळगाव-धुळे-नंदुरबारात कोणाच्या घरी वाढलं जातं? थंडीत आमच्याकडे काय शिजतं हे तुमच्या ऑफिसात सगळ्यांना माहितीये, मग वाईनवर लिहायचंच असेल तर भरितापासून सुरुवात करा ना.

मी यावल तालुक्यातला केळीचा शेतकरी. भाचा नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे एका वायनरीत कामाला आहे. तिकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीत सुरू होते ती मार्चपर्यंत चालते, मग त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तो डिसेंबरातच सुट्टी काढून येतो. गेली तीन वर्षं येताना तो चार-पाच बाटल्या आणतो (परमिट काढलेलं आहे, हे आधीच सांगतो) आणि शेतातल्या भरीत पार्टीत आम्ही सहा-सात जण थोडी थोडी चाखून बघतो की कशाबरोबर काय जमतं. वहीत लिहून ठेवलंय सगळं.

पहिल्या वर्षी चूक झाली. रेड वाईन म्हणजे भारी असा सगळ्यांचा समज, म्हणून शिराझ आधी उघडली. बामणोदची वांगी होती, ती मोठी हिरवट-पांढरी, कमी बियांची, ज्या जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तीच. कपाशीच्या काट्यांवर भाजली, साल काढली, बडजीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरवी मिरची लसूण घालून ठेचली, वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं, तेल. भरीत एकदम फक्कड झालं होतं आणि एक घास खाऊन वर शिराझचा घोट घेतला की तोंडाला नुसती आग लागायची. माझ्या चुलत भावाने ग्लास बाजूला ठेवून सरळ ताक मागितलं. भाच्याने तेव्हा कारण सांगितलं ते मला आजही पटतं. रेड वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, सालीतून आणि बियांतून जो तुरटपणा उतरतो त्याला टॅनिन म्हणतात, तो तिखटाबरोबर अजून खरखरीत लागतो. आणि तिखट आणि अल्कोहोल दोन्ही तोंडातली जळजळीची एकच नस छेडतात, त्यामुळे साडेतेरा-चौदा टक्क्यांची वाईन आपल्या मिरचीवर म्हणजे निखाऱ्यावर फुंकरच.

म्हणून आमचं पहिलं मत असं झालं की पांढऱ्या मांसाला व्हाईट आणि लाल मांसाला रेड हा जो नियम सगळे सांगतात तो खान्देशात दुसऱ्या नंबरला ठेवायचा, आधी बघायचं तिखट किती आहे. तिखट जितकं जास्त तितकी वाईन थंड, अल्कोहोलला हलकी आणि किंचित गोडसर पाहिजे. दुसऱ्या वर्षी भरिताबरोबर शेनिन ब्लाँ ही व्हाईट वाईन घेतली, किंचित गोडीची, आणि तिने काम केलं. घास तिखट, घोट गार आणि गोडसर, परत घास घ्यावासा वाटतो. कळण्याच्या भाकरीला जो उडदाचा आणि मिठाचा खारटपणा असतो ना, त्याच्याशी ती गोडी इतकी जुळते की सांगता येत नाही. फ्रान्समध्ये खारट रोकफोरला गोड सोतर्न लावतात त्यातही हीच गंमत आहे, खारटाला गोड, फक्त आपल्याकडे चीजच्या जागी कळण्याची भाकरी आली.

सोव्हिन्यों ब्लाँ या दुसऱ्या व्हाईट वाईनचंही सांगतो. तिच्यात मुळातच हिरव्या मिरचीसारखा, ढोबळीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास असतो, त्यामुळे कांद्याची पात आणि कोथिंबीर जास्त घातलेलं, मिरची बेताची असं भरीत केलं तर तिच्याइतकी चांगली जोडी दुसरी नाही. पण मिरची बेताची पाहिजे ही अट पक्की. आमच्याकडे ती अट एकदाच पाळली गेली.

शेकोटीभोवती बसल्यावर जेवणाआधी जे चालतं, म्हणजे तळलेले बिबड्याचे पापड, भाजलेल्या शेंगा, त्याला स्पार्कलिंग. तळणाच्या तेलावर आंबटपणा आणि बुडबुडे चांगले चालतात. शेवभाजीला आम्ही तीन वेगवेगळ्या लावल्या, त्यात फक्त गुलाबी झिनफांडेल टिकली, आणि खरं सांगायचं तर अस्सल काळ्या मसाल्याच्या झणझणीत शेवभाजीला मी यापुढे वाईन लावणार नाही, रस्सा सगळं खाऊन टाकतो.

आता मटण. इथे रेडला तिची जागा मिळते. रस्सा नको, सुकं मटण करायचं, भाजलेलं खोबरं आणि भाजलेला कांदा भरपूर पण मिरची निम्मी, आणि चरबीचे तुकडे राहू द्यायचे. तो जो टॅनिनचा तुरटपणा भरिताबरोबर नकोसा झाला होता तोच इथे चरबी आणि मांसाला धरतो आणि मऊ पडतो, जीभ परत स्वच्छ होते. शिराझमध्ये मिरीसारखा वास असतो, तो भाजलेल्या मसाल्याच्या धुरकट वासात मिसळून जातो. तिसऱ्या वर्षी हे खाताना माझे वडील, जे आयुष्यात वाईन प्यायले नव्हते, एक घोट घेऊन म्हणाले, "हाई बेस शे भो." मला तेवढंच खूप होतं.

गोडाला एक गोष्ट लक्षात ठेवायची, वाईन पदार्थापेक्षा गोड पाहिजे, नाहीतर ती आंबट पाणी लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट वाईन मिळते, ती गाजरहलव्याला, साखर जरा कमी घालून, छान लागते. खापरावरच्या पुरणपोळीला मात्र काही लावू नका, तिला दूध-तूपच.

थंडीचा आपल्याला एक फायदा आहे तोही तुमच्या लेखात नव्हता. व्हाईट आठ-दहा डिग्रीला आणि रेड सोळा-अठराला प्यावी म्हणतात. आमच्याकडे डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो, त्यामुळे व्हाईटची बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून बांधावर ठेवली की झालं, फ्रीजची गरज नाही. रेड मात्र घरात ठेवायची आणि आयत्या वेळी बाहेर आणायची. ग्लास साधा काचेचा चालतो, फक्त अर्धाच भरायचा म्हणजे वास कोंडून राहतो. 750 मिलीची एक बाटली म्हणजे साधारण पाच ग्लास, सहा माणसांत चाखायला एका पदार्थाला एक पुरते.

उन्हाळ्यात हेच उलटं. आमच्या जवळच्या शहरात एका दुकानात मी मे महिन्यात वाईन बघितली, शोकेसमध्ये दुपारच्या उन्हात उभ्या ठेवलेल्या, बाहेर पंचेचाळीस डिग्री. तीच बाटली दिवाळीनंतर माझ्या हातात आली, उकडलेल्या मनुकांसारखा वास. पैसे गेले याचं दुःख नाही, पण ज्याने पहिल्यांदा वाईन घेतली आणि ती अशी निघाली तो परत कधी वाटेला जाणार नाही. नाशिकचा शेतकरी एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरताना परत छाटणी, वर्षभर वेलीला जपतो आणि अडीचशे किलोमीटरवर येऊन त्याचा माल काचेआड उकडतो, याचा मला खरोखर त्रास होतो. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय झाला होता, त्यावर मोठा वाद झाला, त्या वादात मला जायचं नाही, पण जिथे कुठे विकली जाते तिथे ती गार आणि अंधारात ठेवावी एवढं तरी आपल्या पेपरने ठणकावून लिहावं.

घरोघरी प्या असं मी म्हणत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतो त्या दिवशी आमच्याकडे बाटलीचं नावही निघत नाही. आणि भरीत पार्टी शेतात असते, परत यायचं असतं मोटरसायकलवर अंधारात, म्हणून जो गाडी चालवणार त्याच्या ग्लासात ताक, यात आमच्याकडे कोणी वाद घालत नाही.

पुढच्या लेखासाठी वही पाहिजे असेल तर कळवा, पाठवून देतो. यंदा पातोड्यांच्या रश्श्याला काय लावायचं हे अजून ठरायचंय, भाचा वीस तारखेला येतोय.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. यावल, जि. जळगाव